हरभऱ्याचा फुलोरा आणि मर रोग

घोड नदीच्या खोऱ्यांतील शिनोलीसारख्या गांवीं पावसाळा सरला, कीं जमिनींत उरलेल्या ओलीवर हरभरा पेरावयाचा, ही रब्बीची जुनी रीत. ओल सुकण्यापूर्वीं घाटे भरले, तर खळ्यावर रास पडते. फुलोरा रेंगाळला, तर नुसता पालाच हातीं येतो. मग लवकरांत लवकर फुलणारें वाण पेरलें, म्हणजे झालें, असें कोणास वाटेल. परंतु ऐन थंडींत सरासरी उष्णमान १५ अंशांखालीं गेलें असतां फुलें गळतात व घाटा धरत नाहीं. तेव्हां प्रश्न घाईचा नसून वेळ साधण्याचा आहे.

दुसरें संकट मातींतून येतें. फ्यूझेरियम नांवाची बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका रोखते, आणि हिरवें रोप उभ्याउभ्या मान टाकतें. हाच मर रोग. शेतांत हरभरा नसतांनाही ही बुरशी ६ वर्षांपर्यंत टिकूं शकते. म्हणून रोपाच्या अंगची प्रतिकारशक्ति हीच खरी ढाल.

हे दोन्ही गुण बीजांतून येतात. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्याविषयीं प्रसिद्ध केलेले नियमच येथें उपयोगीं पडले. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं 'आयसीसीव्ही २' या लवकर फुलणाऱ्या वाणाचा 'जेजी ६२' शीं संकर केला. एकच अप्रभावी जनुक फुलोरा अलीकडे आणतें, हें त्यांनीं २००० सालीं दाखविलें. हेंच 'जेजी ६२' मर रोगास सहज बळी पडणारें. राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या 'विजय' या रोगास दाद न देणाऱ्या वाणाशीं त्याचा संकर करून, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व राहुरी येथील संशोधकांनीं २००९ सालीं बुरशीच्या ३ वंशांविरुद्धच्या जनुकांचीं स्थानें निश्चित केलीं.

याचा उपयोग काय? समजा, हे दोन गुण निरनिराळ्या गुणसूत्रांवरील एकेका अप्रभावी जनुकावर अवलंबून आहेत. तर संकराच्या दुसऱ्या पिढींत सरासरी १६ रोपांत एकच दोन्ही गुण घेऊन येईल. पूर्वीं तें निवडण्यासाठीं रोगट शेतांत पेरून, मरणारीं रोपें मरूं द्यावीं लागत. आतां जनुकाजवळची खूण कोवळ्या पानावरून ओळखतां येते.

मात्र बुरशीचेही नवे वंश निपजतात. आज टिकलेलें वाण उद्यां टिकेलच, असें नाहीं. पुरणासाठीं ज्या घरीं डाळ शिजत पडते, त्या घरानें एवढें ध्यानीं ठेवावें, कीं त्या डाळीमागें कोरडवाहू शेतकऱ्याच्या कष्टाबरोबर बीजनिवडीचें हें न संपणारें कामही आहे.