अबू सिंबेल : तरलेले पाषाण, बुडालेली गावे



इजिप्तच्या दक्षिण सीमेजवळ अबू सिंबेल येथे दोन शैलमंदिरे आहेत. आस्वानहून हे अंतर सुमारे २८० किलोमीटर. प्रवासी पहाटेच्या अंधारात निघतात, वाळवंट ओलांडून मंदिरे पाहतात आणि त्याच दिवशी माघारी येतात.

इसवी सनपूर्व तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेस राजाने ही मंदिरे वालुकाश्माच्या कड्यात कोरवून घेतली. मोठ्या मंदिराच्या दर्शनी भागी राजाच्याच चार बैठ्या मूर्ती होत्या, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. त्यांपैकी एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच कोसळला. शेजारचे लहान मंदिर हाथोर देवी व राणी नेफरतारी यांचे. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. तेथील चारांपैकी तीन मूर्ती उजळतात. प्ताह देव मात्र छायेतच राहतो.

आज ही मंदिरे मूळ जागी नाहीत. १९६० मध्ये आस्वानच्या उच्च धरणाचे काम सुरू झाले आणि मंदिरांना जलसमाधी अटळ ठरली. युनेस्कोने साऱ्या जगाला साद घातली. १९६४ ते १९६८ या काळात दोन्ही मंदिरे करवतीने कापून त्यांचे हजाराहून अधिक खंड करण्यात आले आणि सुमारे ६५ मीटर उंचीवर, नदीपासून २०० मीटर मागे, ते पुन्हा जुळवण्यात आले. वरचा डोंगरही मानवनिर्मित आहे. त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. न्युबियातील या वारसारक्षणाच्या मोहिमेत भारतही सहभागी होता. १९६१-६२ मध्ये ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने आफ्येह येथे उत्खनन केले.

मात्र त्याच पाण्याने न्युबी लोकांची गावेही गिळली. इजिप्तमधील सुमारे ५० हजार न्युबींना कोम ओम्बोच्या परिसरात हलवण्यात आले. नदीकाठची घरे, खजुराची झाडे, पूर्वजांच्या कबरी सारे तळाशी गेले. नव्या वसाहतींना जुन्या गावांची नावे मिळाली. नाईलचा काठ मिळाला नाही.

दगडाचा प्रत्येक खंड क्रमांक घालून जपला गेला, ही मानवजातीला भूषणावह गोष्ट होय. परंतु वारसा जसा शिल्पात असतो, तसाच तो माणसांच्या भाषेत, घरांत आणि चालीरीतींतही असतो. त्या वारशाला क्रमांक घालता आला नाही.

मंदिराकडे पाहताना प्रवाशाची पाठ जलाशयाकडे असते. परतण्यापूर्वी त्याने क्षणभर तिकडेही वळून पाहावे.