बातमीदाराचे खाते आणि बातमीदाराची जबाबदारी

(नारद जयंतीनिमित्त पत्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



देवर्षी नारदांना आपली परंपरा आद्य वार्ताहर मानते. त्यांचा संचार तिन्ही लोकी होता आणि देवांप्रमाणेच दानवांच्या सभेतही त्यांना आसन मिळे. आपल्याला त्रिलोक फिरावे लागत नाही. फेसबुक, एक्स आणि व्हॉट्सअॅप यांनी ते खिशात आणून ठेवले आहेत. पण त्या सभेतले आसन आपण टिकवले आहे काय?

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथील कमांडो कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहून दहशतवाद्यांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले. त्या वेळी थेट प्रक्षेपणासाठी वाहन लागे, संपादन कक्ष लागे. आज एकटा बातमीदार गच्चीवरून तेच करू शकतो, आणि त्याला थांबवणारा कुणी नसतो. म्हणूनच पहलगामच्या हत्याकांडानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने काढलेले सूचनापत्र वाहिन्यांबरोबरच समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनाही उद्देशून होते.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच परीक्षा आली. ऑपरेशन सिंदूर सुरू असताना ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या वार्ता समाजमाध्यमांवरून वाहिन्यांवर आणि वाहिन्यांवरून पुन्हा समाजमाध्यमांवर फिरल्या. त्या खोट्या होत्या. संगणकीय खेळातील दृश्येही युद्धाची म्हणून पसरली. याहून दुःखद प्रकार पूंछचा. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात तेथील एका शिक्षकाचा मृत्यू झाला. शत्रूच्या गोळ्याला बळी पडलेल्या या भारतीय नागरिकाला आपल्याच काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले. पूंछ पोलिसांना निवेदन काढून ते नाकारावे लागले. पुढे जूनमध्ये पूंछच्या न्यायालयाने या वार्तांकनाबद्दल गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. घरात शव असताना त्या कुटुंबाने काय ऐकले असेल?

यावर एक उत्तर हमखास मिळते : हेतू देशहिताचा होता. ते उत्तर आपल्या विचारांच्या पत्रकारांनी तर मुळीच देऊ नये. त्याच दिवसांत पाकिस्तानातून आलेले खोटे दावे पत्र सूचना कार्यालय एकेक करून खोडत होते. आपली वाहिनी रात्री कराची जाळते आणि सकाळी गप्प बसते, तेव्हा त्या खुलाशांवर जगाने का विश्वास ठेवावा? सैन्याने प्रत्यक्ष जे केले, तेही मग संशयाच्या छायेत जाते.

दुसरी पळवाट अधिक सोयीची आहे. अनेक पत्रकार आपल्या खात्यावर लिहितात : मते वैयक्तिक, पुढे पाठवणे म्हणजे समर्थन नव्हे. वाचक हे वाचत नाही. तो नावापुढचे दैनिकाचे नाव वाचतो. (खात्यावर मिरवायचे दैनिकाचे नाव आणि जबाबदारी मात्र खासगी, हा हिशेब काही जुळत नाही.) छापण्यापूर्वी खातरजमा करावी, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारनियमांत स्पष्ट आहे. परिषदेचे अधिकारक्षेत्र वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरते. मात्र नियमामागील नीती अंगठ्याच्या एका स्पर्शालाही तितकीच लागू आहे.

तेव्हा साधा व्यवहार असा ठेवावा. चित्रफीत आली की ती प्रथम कुणी, केव्हा, कोठून टाकली ते शोधावे. मृताचे नाव देण्याआधी पोलीस अधीक्षक कार्यालयाला दूरध्वनी करावा. वेळ लागला तर लागू द्यावा. मृताच्या फेसबुकवरील छायाचित्र घरच्यांना न विचारता उचलू नये. आणि चूक झाली तर मजकूर गुपचूप पुसू नये. ज्या खात्यावरून खोटे गेले, त्याच खात्यावरून, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती जावी आणि ती तेथे राहू द्यावी. त्या शिक्षकाच्या घरच्यांनाही ती कधी शोधावीशी वाटेल.