अफझलगंजचे क्लोरोफॉर्म आणि आजचा संगणक



औषधांच्या चाचण्या आणि मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला असंख्य उदाहरणे दाखवून शिकवणे, यांवर हल्ली जागोजागी चर्चासत्रे भरतात. मला मात्र या विषयाची सुरुवात आपल्या अफझलगंजातच करायची आहे.

उस्मानिया रुग्णालयाआधी इथे अफझलगंज रुग्णालय होते. १९०८ च्या मुसीच्या पुरात ते गेले. क्लोरोफॉर्म दिल्यावर रोगी दगावतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, असा त्या काळी वाद होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वासाकडे पाहा, नाडीची चिंता नको. १८८८ मध्ये त्यांनी पहिले क्लोरोफॉर्म कमिशन भरवले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला ते पटेना, तेव्हा निजाम सरकारने १,००० पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन इथे आले. आले ते हृदयाच्या बाजूचे. शेकडो प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले आणि ते लॉरींच्या बाजूचे होऊन गेले!

पैसा होता, नोंदी होत्या, विलायतेचा तज्ज्ञ होता. तरी चूक राहिलीच. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की गुंगी हलकी असतानाच हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. मात्रा वाढवत नेली की श्वास आधी थांबतो, हे खरेच; पण हा दुसरा धोका अफझलगंजच्या प्रयोगांतून निसटला होता. मधल्या वीस वर्षांत नाडी न पाहता किती जणांना क्लोरोफॉर्म दिले गेले असेल!

संगणकाचेही असेच होते. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारा संगणक शिकला त्या रुग्णालयात हुशार ठरला, परक्या रुग्णालयात मागे पडला. फोटो कुठल्या रुग्णालयाचा, हे मात्र तो अचूक ओळखत होता.

उद्या आपल्या घरातल्या कुणाला चाचणीत घेऊ म्हणाले, तर माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. तो आपला हक्क आहे. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. आणि निदान संगणकाचे असेल, तर तो कुणाच्या फोटोंवर शिकला आणि आपल्याकडच्या रोग्यांवर तपासला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. संकोच करू नका.