सामाईक मीटर

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मी सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. गोष्ट वीजबिलाची आहे आणि थोडी माझ्या चुकीचीही.

एका उन्हाळ्यात सामाईक मीटरचं बिल एकदम वाढलं. माझा संशय सरळ वॉचमनमामांवर गेला. खोलीत विजेची शेगडी लावत असतील, असं मी भर बैठकीत बोलून गेलो. मामा गप्प राहिले.

पुढे एका रात्री उकाड्यानं झोप येईना. आपल्या धर्माबादचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. गच्चीवर गेलो तर टाकी भरून वाहतेय आणि मोटार चालूच! फ्लोट स्विच बिघडला होता. दीड एचपीची मोटार तासाला सव्वा युनिट तरी ओढते. रोज २ तास फुकट चालली तर महिन्याला ७५ युनिट. पाणी गेलं ते वेगळंच.

त्या दिवसापासून मला हिशेबाची सवय लागली. हिशेब सोपा आहे : वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट. जिन्यात चोकवाल्या ६ ट्यूब होत्या. एकीला ५० वॅट धरा. रात्रीचे १२ तास म्हणजे रोज ३.६ युनिट. १० वॅटचे एलईडी लावले, तेच काम पाऊण युनिटच्या आत होऊ लागलं.

घरातही तेच बघा. जुना पंखा ७५ वॅटचा. १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे ११ युनिट. तो महाग पडतो, म्हणून सगळे एकदम बदलू नका. ज्या खोलीत जास्त तास चालतो, तिथला आधी बदला. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. आणि महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढचा टप्पा महाग, ३०० च्या पुढचा आणखी महाग. म्हणजे वाचवलेली युनिटं सगळ्यात महाग दराची असतात. घरात १५-२० युनिट वाचली तरी फरक दिसतो तो यामुळेच.

आता पुढचं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठीही किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. आपली गच्ची दिवसभर तापतेच. नव्या संचालक मंडळानं हा विषय घ्यावा. तोवर एवढंच करू : मीटरजवळ एक वही टांगू आणि दर १ तारखेला लेकरांनी आकडा लिहावा. आकडा वाढला, तर आधी टाकी बघायची, माणसाकडे नंतर.

शेवटी एक राहिलंच. मामांवर आरोप केला होता चारचौघांत आणि माफी मागितली होती एकट्यात, त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून. मामा आज पहिल्या रांगेत बसलेत. मामा, सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं.