९९१ सामने, ११६ गोल: मॅनी मल्होत्राची गोष्ट

आजचा विषय थंड आहे. म्हणजे अक्षरशः थंड, बर्फावरचा. आइस हॉकी. लगेच हेडफोन काढू नका, नियम माहीत नसले तरी चालेल. आज एका माणसाच्या करिअरबद्दल बोलायचंय, आणि नाव ऐकून तुमचे कान टवकारतील: मॅनी मल्होत्रा.

हो, मल्होत्रा. जन्म १९८० चा, कॅनडातल्या मिसिसॉगाचा. हे टोरांटोला लागून असलेलं शहर. वडील भारतातून तिकडे गेलेले पंजाबी, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. आई क्वेबेकची, फ्रेंच बोलणारी. आणि पोरगा झाला हॉकीपटू. फॉरवर्ड, त्यातही सेंटर.

थोडं बेसिक सांगतो. बर्फावर एका टीमचे सहा जण असतात: एक गोलकीपर, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. या तीन फॉरवर्डच्या गटाला लाइन म्हणतात. टीमकडे अशा चार लाइन असतात आणि दर पाऊण-एक मिनिटाने त्या बदलत राहतात, कारण त्या वेगात कुणीच जास्त वेळ टिकत नाही. पहिल्या दोन लाइननी गोल करायचे. तिसरी-चौथी लाइन काय करते? तेच आज बघायचंय.

आता १९९८ चा ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे एनएचएलचं कॅम्पस प्लेसमेंट समजा. टीम्स आळीपाळीने अठरा-एकोणीस वर्षांची पोरं निवडतात, आणि तुमचा नंबर कितवा लागला हे सगळ्यांना कळतं. मॅनी सातवा. त्याला घेणारी टीम न्यूयॉर्क रेंजर्स. तिथे त्या वर्षी कोण खेळत होतं? वेन ग्रेट्स्की. हॉकीतला सचिन म्हणा. त्याचा तो शेवटचा सीझन आणि मॅनीचा पहिला. अठराव्या वर्षी यापेक्षा भारी सुरुवात काय असणार?

पण पहिल्या सीझनमध्ये ७३ सामन्यांत ८ गोल झाले. दुसऱ्या सीझनमध्ये २७ सामन्यांत शून्य. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, हार्टफर्डच्या टीममध्ये. २००२ मध्ये रेंजर्सनी त्याला डॅलसला देऊन टाकलं. २००३ मध्ये डॅलसने वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे ‘आम्हाला नको, कुणाला हवा असेल तर घेऊन जा’. कोलंबसने उचललं. सातव्या नंबरचा पोरगा, वय तेवीस, आणि तिसरी टीम.

गंमत बघा, त्याच १९९८ च्या यादीत १७१ व्या नंबरवर एक बारीक रशियन पोरगा होता, पावेल दात्सुक. तो पुढे दोनदा स्टॅन्ली कप जिंकला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा निवडीच्या दिवशी मिळालेला नंबर किती सांगतो आणि किती सांगत नाही, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडच्या अशा गोष्टी इथे वळण घेतात: मग त्याने जिद्दीने मेहनत केली आणि सुपरस्टार झाला. मॅनी सुपरस्टार झाला नाही. कधीच नाही. एनएचएलमध्ये त्याने एका सीझनमध्ये कधी वीस गोलसुद्धा केले नाहीत. त्याने केलं ते वेगळंच. त्याने एक छोटं काम पकडलं आणि त्यात तो जगातल्या सगळ्यात चांगल्या लोकांपैकी एक झाला.

ते काम म्हणजे फेसऑफ. खेळ थांबला की पुन्हा सुरू करताना दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात आणि पंच मधे पक टाकतो. पक म्हणजे रबराची जाड चकती. ती ज्याने आपल्या बाजूला ओढली, त्याच्या टीमचा ताबा. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. हाताची ताकद, पाय कसे ठेवलेत, काठीची पकड, समोरच्याची सवय, पंचाचा हात केव्हा हलतो, सगळं त्यात आलं. साधारणपणे निम्मे जिंकलात तर तुम्ही ठीकठाक. पंचावन्न टक्के म्हणजे फार चांगले. २०१०-११ मध्ये मॅनी साठ टक्क्यांच्या वर होता.

स्कोअरबोर्डवर हे दिसत नाही. क्रिकेटमध्ये एका बाजूने डॉट बॉल टाकत राहणारा बॉलर असतो ना, आपले बापू नाडकर्णी आठवा, विकेट समोरच्या एंडला पडते. तसंच.

आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसलं व्हँकुव्हरमध्ये. त्याआधी २००९ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे काँट्रॅक्टच नव्हतं. सीझन तोंडावर आल्यावर, सप्टेंबरमध्ये, सॅन होजेने एका वर्षासाठी घेतलं. ते वर्ष इतकं चांगलं गेलं की १ जुलै २०१० ला व्हँकुव्हर कनक्सनी तीन वर्षांचं काँट्रॅक्ट दिलं, ७५ लाख डॉलरचं.

व्हँकुव्हरचे कोच होते अलॅन व्हिन्यो. त्यांनी काय केलं, तर आपल्या गोलजवळ फेसऑफ असेल, जिथे हरलं तर लगेच धोका, तिथे मॅनीला पाठवायचं. समोरच्या गोलजवळ असेल तर सेडिन जुळ्या भावांना. म्हणजे अवघड, कंटाळवाणी कामं मॅनीकडे. निकाल? डॅनियल सेडिन त्या सीझनमध्ये १०४ पॉइंट घेऊन अख्ख्या लीगमध्ये पहिला. रायन केस्लरच्या डोक्यावरचं बचावाचं ओझं हलकं झालं आणि त्याने ४१ गोल केले. टीम लीगमध्ये पहिली. मॅनीच्या नावावर ११ गोल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचताना सारखं आठवत होतं: रात्री दोनला सर्व्हर पडू नये म्हणून काम करणारी माणसं डेमोच्या स्लाइडवर कधी नसतात. पडला नाही, यात दाखवणार काय?

आता १६ मार्च २०११. कोलोरॅडोविरुद्धचा सामना. पक एका काठीला लागून उडाला आणि मॅनीच्या डाव्या डोळ्यावर बसला. ऑपरेशन झालं. काही दिवसांत टीमने जाहीर केलं की त्याचा सीझन संपला. त्याची टीम तेव्हा स्टॅन्ली कपच्या दिशेने चालली होती. तेरा वर्षं ज्याची वाट बघितली, ती वेळ आली आणि हा घरी.

आणि ४ जूनला, फायनलच्या दुसऱ्या सामन्यात, तो परत बर्फावर आला. पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून. ‘मॅनी, मॅनी’ असं अख्खं स्टेडियम ओरडत होतं. व्हँकुव्हरने तो सामना ओव्हरटाइमच्या अकराव्या सेकंदाला जिंकला. हिंदी सिनेमा असता तर इथेच संपला असता. पण फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि व्हँकुव्हर हरलं.

डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. मॅनी पुढचा सीझन ७८ सामने खेळला. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या सीझनचे ९ सामने झाल्यावर, मॅनेजमेंटने ठरवलं: बास. तुझ्या सुरक्षेसाठी, आता खेळायचं नाही. हॉकीत पूर्ण वेगाने येऊन धडकणं नियमात बसतं. डाव्या बाजूने येणारा दिसलाच नाही, तर काय होईल, हा त्यांचा मुद्दा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो हा प्रसंग. मॅनीला खेळायचं होतं. शरीर त्याचं, करिअर त्याचं. पण त्याला काही झालं असतं तर बर्फावर पाठवणारे हेच लोक. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच ते त्रासदायक आहे. तुमच्या भल्यासाठी म्हणून कुणी तुमचं काम काढून घेतलं, तर रागावायचं कुणावर?

मॅनीने भांडण लांबवलं नाही. तो एक पायरी खाली उतरला. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये शार्लट चेकर्स या खालच्या लीगच्या टीममध्ये तो ट्रायलवर गेला. वय तेहतीस, पंधरा वर्षांचा अनुभव, आणि पुन्हा ट्रायल! थोड्याच दिवसांत कॅरोलायनाने त्याला एनएचएलमध्ये परत घेतलं. तिथे ६९ सामने. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलकडून ५८ सामने आणि फक्त १ गोल. तरी कोच त्याला पाठवत राहिले, कारण फेसऑफ तो अजूनही जिंकत होता. एक डोळा अधू असताना, अर्ध्या सेकंदाच्या खेळात.

एकूण हिशोब: ९९१ सामने, ११६ गोल, १७९ असिस्ट. हजाराला ९ कमी. हॉकीत हजार सामन्यांचा मोठा मान असतो, टीम चांदीची स्टिक देते. ती स्टिक त्याला नाही मिळाली.

मग २०१६ मध्ये तो कोचिंगमध्ये आला. कुठे? व्हँकुव्हरमध्येच, ज्यांनी त्याला थांबवलं होतं त्यांच्याकडे. पुढे टोरांटोत असिस्टंट कोच. २०२४ मध्ये ॲबट्सफोर्ड कनक्सचा हेड कोच, ही व्हँकुव्हरची खालच्या लीगची टीम. आणि पहिल्याच सीझनमध्ये, जून २०२५ मध्ये, त्याची टीम काल्डर कप जिंकली, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद. हाच कप त्याने खेळाडू म्हणून २००० मध्ये जिंकला होता, रेंजर्सनी खाली पाठवलं होतं तेव्हा, हार्टफर्डकडून. आणि २०२५ च्या फायनलमध्ये समोर कोण होतं माहितेय? शार्लट चेकर्स.

तुमच्यापैकी बरेच जण प्लेसमेंटच्या वयात आहात. काहींना वर्ष-दोन वर्षं झाली असतील आणि ‘आपल्याकडून अपेक्षा होती तेवढं काही होत नाहीये’ हे आतून कळायला लागलं असेल. मेहनत करा, सगळं मिळेल, असं मी नाही सांगणार. मॅनीला स्टॅन्ली कप मिळाला नाही, डोळा मिळाला नाही, हजार सामनेही नाही. पण तेविसाव्या वर्षी ज्याला कुणीही फुकट न्या म्हटलं होतं, तो आणखी बारा वर्षं जगातल्या सगळ्यात अवघड लीगमध्ये टिकला, कारण एक काम त्याच्याइतकं चांगलं करणारे फार थोडे होते. तुमचा फेसऑफ कुठला, ते शोधायला थोडा वेळ द्या. आणि तो स्कोअरबोर्डवर दिसत नसेल, तर कुणाला तरी तो मोजायला लावा. मॅनीचा कुणीतरी मोजत होतं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

यूट्यूबवर त्याचे फेसऑफ जरूर बघा. स्लो मोशनमध्ये बघा, नाहीतर काही कळणार नाही. भेटू पुढच्या भागात!