खांद्याची धातूची टोपी



संधिवात हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. उतारवयात झिजलेला गुडघा आणि सांध्याच्या अस्तरालाच सूज आणणारा, पुष्कळदा ऐन चाळिशीत गाठणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, या दोहोंना आपल्याकडे एकच नाव! आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्याविषयी, आणि त्यातही खांद्याविषयी.

खांदा हा उखळीचा सांधा, असे शाळेत शिकवतात. पण ही उखळ इतकी उथळ की तिला बशीच म्हणावे. त्या बशीवर दंडाच्या हाडाचा गोल माथा ठरतो तो मुख्यतः भोवतालच्या चार स्नायूंच्या आवरणामुळे. हा रोग कूर्चा खातो, हाड मऊ करतो आणि ते आवरणही विरवून टाकतो. मग वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि रात्री त्या कुशीवर निजता येत नाही.

कृत्रिम खांद्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये पेआं यांनी १८९३ साली क्षयाने किडलेल्या खांद्यात प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला; जंतुदोषामुळे तो पुढे काढावा लागला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी धातूचा माथा आणला. त्याचा दांडा हाडाच्या पोकळीत उतरवावा लागे. इंग्लंडात रेडिंग येथे स्टीफन कोपलंड यांनी १९८६ पासून निराळी वाट धरली. माथा कापून टाकायचा नाही. वरवर तासून त्यावर धातूची टोपी चढवायची. ती आखूड खुंटीवर बसते, सिमेंट लागत नाही.

ऱ्हुमॅटॉइडच्या रोग्याला याचे महत्त्व विशेष. त्याच हाताचे कोपरही अनेकदा गेलेले असते. कोपर बदलताना खालून दांडा येतो. वरूनही दांडा असला, तर दोन टोकांमधले हाड मोडण्याचा धोका असतो. टोपीमुळे पोकळी मोकळी राहते, आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करायची झाल्यास हाड शिल्लक असते.

तथापि टोपी म्हणजे नवा खांदा नव्हे. दुखणे कमी होते, हात तोंडाशी, केसांशी पोचू लागतो. एवढेही थोडे नाही. पण बशी झिजतच राहू शकते, आणि आवरण पुरते फाटले असेल तर टोपीचा उपयोग बेताचाच. अशा खांद्यासाठी फ्रान्समधील पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास सांधाच उलटा केला: चेंडू फऱ्याच्या हाडावर, बशी दंडावर. आज शल्यवैद्यांचा कल या उलट्या सांध्याकडे अधिक आहे.

म्हणून वेळ महत्त्वाची. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लवकर सुरू झाली तर पुष्कळ खांदे शस्त्रक्रियेपर्यंत जातच नाहीत. ज्यांचे जातात, त्यांनी हाड भुसभुशीत होईपर्यंत सोसत बसणे हा धीर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि भूल घेण्यापूर्वी मानेची क्ष-किरण तपासणी झाली की नाही, हे जरूर विचारावे. हाच रोग मानेचे वरचे मणकेही सैल करतो.