पेढीचे न दिसणारे भांडवल



रोजमेळ व खतावणीत रोकड, माल आणि येणे-देणे यांची नोंद होते. व्यापाऱ्याच्या मनाची नोंद कोठेच होत नाही. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेड लुथान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र मनोबलालाही भांडवल मानले. आत्मविश्वास, आशा, आशावाद आणि आघातातून सावरण्याची शक्ती ही त्याची चार अंगे. मोठ्या कंपनीत एकाचे मन खचले तर दुसरा कारभार सांभाळतो. लहान दुकानात खरेदी, विक्री, वसुली हा सारा भार एकाच मनावर असतो.

आत्मविश्वास म्हणजे सर्वज्ञतेचा आव नव्हे. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी रेल्वेच्या ठेकेदारीत पाऊल टाकले ते रेल्वेतील पूर्वीचे कारकून लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार करून.

आशा आणि आशावाद यांतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. २०२० साली २५ मार्चला गुढीपाडवा आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. लग्नसराईसाठी शालू आणि सुटिंगचे तागे भरलेली दुकाने ऐन हंगामात कुलूपबंद झाली. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीयाही तशीच गेली. व्याज आणि भाडे मात्र थांबले नाही. ‘पुढच्या हंगामात माल खपेल’ हा झाला आशावाद. परंतु कापडाची घडी पिवळी पडते, रंगाची चाल बदलते, आणि तोच माल वर्षभराने निम्म्या भावालाही जड होतो. आशा मात्र एक वाट बंद होताच दुसरी शोधते: आढत्याला आपण होऊन गाठून हप्ते ठरविते, गिऱ्हाइकाला फोनवर नमुने दाखविते, पडून राहिलेला माल प्रसंगी तोट्यात काढून रोकड मोकळी करते.

तोटा स्वहस्ते वहीत लिहिणे हेच यातील सर्वांत कठीण काम. प्रतिक्रमणात स्वतःचे दोष नित्य न्याहाळणाऱ्या श्रावकाला न खपलेला तागा न्याहाळणे जड जाऊ नये. (जाते, हा भाग निराळा!) आपण केलेली खरेदी चुकली, हे मान्य करण्यापेक्षा गोदामाचे भाडे भरणे अनेकांना सोपे वाटते. सामायिकातील अठ्ठेचाळीस मिनिटांची समता दुकानाच्या गादीवर टिकते की नाही, याची परीक्षा येथेच होते.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी वर्षभर न हललेल्या मालाची यादी बहुधा नोकर करतो. ती मालकाने स्वतः, एकेका ताग्याला हात लावून करावी. आणि त्या वेळी दुकानात बसू लागलेल्या मुलाला शेजारी उभे करावे.